सोन्याची नाणेफेक

(काकांचं घर.)

पंच : ...आणि बिस्किट हवेतच मोडलं, काका. अर्धं छापा पडलं, अर्धं काटा. दोन्ही टीम म्हणतात, नाणेफेक आम्हीच जिंकलो.

बायको : त्याआधी चप्पल उडवली होती. ती अजून छपरावर आहे. माझीच.

नवरा : मग एखादं साधं नाणं घ्या ना कुणाकडून.

पंच : बावीस बायका, साठ प्रेक्षक, एक फुगेवाला. एकाच्याही खिशात नाणं नाही. सगळे फोननं पैसे देतात. फुगेवाल्याला विचारलं, तर त्यानं कीव आल्यासारखं पाहिलं माझ्याकडे.

बायको : अहो, फायनल आहे. पाचपर्यंत नाणेफेक झाली नाही, तर कप गेल्या वर्षी जिंकलेल्या टीमकडेच राहतो. त्यांची कॅप्टन खुर्ची टाकून घड्याळ बघत बसलीय. आणि नाणी कुणाच्या घरात आहेत, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे.

नवरा : ती सोन्याची आहेत. मोठमोठ्या क्रिकेट स्पर्धांची आठवण म्हणून काढलेली. अकरा स्पर्धा, अकरा नाणी. वीस वर्षांत मी त्यांच्याकडे तोंड करून शिंकलोसुद्धा नाही. वही बघ, प्रत्येकापुढे लिहिलंय, ‘अवस्था : अस्पर्श’.

बायको : लग्नाचा फोटो फ्रिजवर, आणि नाण्यांना मखमल.

नवरा : फोटोची दुसरी प्रत निघते.

पंच : एकच द्या, काका. माझं चष्म्याचं दुकान आहे. ओरखडा म्हणजे काय ते मला कळतं.

नवरा : गेल्या रविवारी तू झाडाला पायचीत दिलंस.

पंच : ज्यांना निर्णय पटला नाही, त्यांचे डोळे मी फुकट तपासले.

बायको : या अकरांपैकी एक तरी कधी मैदानावर गेलंय का? अंगावर एका बाजूला खेळाडू, दुसऱ्या बाजूला कप आणि मुक्काम कपाटात. तुमचंही तेच. माझी एक मॅच पाहिली नाहीत आजवर.

नवरा : ...घरी नाणी एकटी असतात.

पंच : पाचला सात मिनिटं आहेत.

नवरा : अटी आहेत. उडवणार मी. हातमोजे घालून. खाली गादी, गादीवर चादर, चादरीवर मखमल. आणि वारा नको.

पंच : वाऱ्याला सांगून ठेवतो.

(मैदान. खेळपट्टीवर गादी. पाचला एक मिनिट.)

पंच : काका, बोटभरच वर गेलं. हे थोपटणं झालं. उंच उडवा.

नवरा : उंचावरून पडतं ते.

बायको : पडायलाच उडवायचं असतं. मी कप मागतेय. उडवा.

पंच : गेलं. बाप रे, झाडाच्याही वर गेलं... गादी इकडे, नाणं तिकडे. कुणी पाय हलवू नका. सापडलं, दगडावर आपटून पलीकडे पडलंय. कप वर आहे. काकू, तुम्ही जिंकलात.

नवरा : दे इकडे. भिंग कुठाय?

बायको : अहो... ओरखडा आलाय का?

नवरा : आलाय. कपाच्या मधोमध.

बायको : माझ्यापायी झालं.

नवरा : काय फिरलं गं पण. वर गेल्यावर चमकलं, पाहिलंस ना? असं चमकतं, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं.

पंच : काका, गादी हलवा. सामना सुरू करायचाय.

नवरा : कडेला टाक. मी तिच्यावर बसून बघतो. वही आणलीय मी... आता अवस्थेपुढे काय लिहू?

बायको : आधी माझ्या पायाला हा पॅड बांधा. आणि लिहा, ‘खेळलेलं’.