दहा कोटी एक

धरमपेठच्या पोस्टात रांग काही केल्या हलेना. देवकीच्या पुढे एक म्हातारे मास्तर आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी बोलत उभी होती.

“गोपिका, दहा कोटी एक आठवते का वं तुले?”

“मूळ संख्या आहे, तिले कशानंच भाग जात नाही, असं तुम्ही सांगतलं होतं सर.”

“अन् तू म्हटलं, सतरानं जाते.”

“बाबा रोज तिसापर्यंत पाढे म्हणून घेत न.”

“मी तेरापर्यंतच पाहून सोडलं होतं. तुले बाकावर उभं केलं. घरी जाऊन पाहिलं, तर गेला भाग!”

“मंग काहून नाही सांगतलं?”

“वर्गासमोर जीभ रेटेना. उद्या सांगू, उद्या सांगू, म्हणत राहिलो.”

“मॅट्रिकपर्यंत पहिल्याच बाकावर होती मी, सर. हात मात्र पुन्हा वर नाही केला.”