देव्हाऱ्याखालची निळी रेघ

माझं माहेर घोटीचं, भाताच्या खाचरातलं, तिकडं पाऊस लागला की चार महिने पायाची बोटं पांढरी, त्यामुळं माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली बरं झालं, नाशिकला दिली, पोरीचे पाय कोरडे राहतील. आणि दिली कुठं, तर पंचवटीच्या खालच्या अंगाला, गंगेच्या काठावर, मळ्यातल्या घरात. काय सांगू तुम्हाला ताई, मला बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का विचारलं, गाणं येतं का विचारलं, पोहता येतं का हे कोणी विचारलं नाय. नाय येत. आता ह्या अंगानं शिकायला उतरले तर गंगा काठाबाहेर यायची.

आमचा धंदा फुलांचा. झेंडू, शेवंती, बांधाला मेथी-कोथिंबीर. उजाडायच्या आत तोडायची, बाजाराला न्यायची. गोदावरी म्हणतात ते पुस्तकात, आम्ही गंगाच म्हणतो. तर ह्या गंगेचं आमच्या आळीत एक हाय. पाणी चढलं आणि कोणाच्या मागल्या दाराच्या उंबऱ्याला लागलं, की त्या घरच्या सुनेनं तिची ओटी भरायची. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळदकुंकू, सगळं पाण्यात सोडायचं आणि म्हणायचं, बाई, आलीस, टेकलीस, आता आपल्या घरी जा. दुसरीकडं दारात पाणी आलं की लोक रडतात, आमच्याकडं तो मान. माहेरवाशीण आली म्हणायचं. ज्याच्या उंबऱ्याला आली नाय ते घर वर्षभर तोंड पाडून. मी नवी होते तेव्हा ओटी भरताना घाबरून खण हातातच राहिला, नारळ तेवढा गेला, त्यावर आत्याबाईंनी मला किती वर्षं ऐकवलं ते सांगत नाय. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

मग एकदा मोजणीची माणसं आली. तीन पायांची दुर्बीण, लांब पट्टी, आणि जुन्या माणसांना विचारायला लागली की पूर आला तर पाणी कुठवर येतं. दुसऱ्या कुठल्या गावात विचारलं असतं तर शहाणी माणसं म्हणाली असती, पाणी? इकडं? छे. आमच्याकडं शेजारच्या भागाबाईनं सांगितलं, माझ्या ओट्यावर येते. झालं. आत्याबाई पदर खोचून पुढं झाल्या, म्हणाल्या, ओट्यावर कोणीबी येतं, आमच्याकडं ती आत येते, पार देव्हाऱ्याखाली बसते. आमचा देव्हारा स्वयंपाकघरात, पुढच्या खोलीच्या भिंतीला टेकून. आता मी लग्न करून आल्यापासून गंगा मागल्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती, पण सासू बोलत असताना सुनेनं काय बोलावं, मी चहा गाळत होते, चहाच गाळत राहिले. त्या माणसांनी दोन-दोन कप घेतला.

पुढं पूररेषा आल्या. निळी आणि लाल. लाल रेषेपर्यंत परवानगी काढून, जोतं उंच करून बांधता येतं, पण निळ्या रेषेच्या आत नवीन वीट लावायची नाय. आमच्या घराच्या बाजूच्या भिंतीवर बाहेरून निळा पट्टा मारला, तो बरोबर देव्हाऱ्यापाशी. म्हणजे स्वयंपाकघर नदीत आणि पुढची खोली गावात. आमचे हे म्हणायचे, जेवायला नदीत जातो, झोपायला घरी येतो. हसायचो आम्ही. आत्याबाई तर आल्यागेल्याला पट्टा दाखवायच्या, बघा, सरकारनंबी मानलं.

हसणं योगेशच्या लग्नापर्यंत पुरलं. योगेश माझा मुलगा, एकुलता, कंपनीत हाय. कळवणची मुलगी पसंत पडली, तिचे वडील घर बघायला आले, घर बघितलं, पट्टा बघितला, म्हणाले, दोन खोल्या, त्यात आजी, तुम्ही दोघं, मग पोरगी राहील कुठं, आधी वर एक खोली काढा मग तारीख धरू. त्यांचं काय चुकलं. आमचे हे कचेरीत गेले, तिथल्या मॅडम म्हणाल्या, घराचा एक पाय आत असला तरी घर आतच, वर मजला नाय चढवता येणार. ह्यांनी घरी येऊन ताट बाजूला सारलं आणि आत्याबाईंना म्हणाले, आई, तू चल आणि सांग की खोटं बोलले होते. आत्याबाई म्हणाल्या, ती आली होती म्हणून सांगितलंय, आता आली नाय म्हणू? तिच्या शेजारी राहून?

दोन दिवस धरून बसल्या. मग एका सकाळी नवं लुगडं नेसून दाराशी उभ्या, योगेशला म्हणाल्या, चल रे, गाडी काढ. मी सोबत गेले. मॅडमच्या टेबलापुढं आत्याबाई खुर्चीवर बसल्या नाय, उभ्यानंच म्हणाल्या, उंबऱ्यापर्यंतच आली होती, बाकी मी माझ्या मनचं बोलले. आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. मॅडम भली पोर होती, म्हणाली, आजी, तुमच्या एकटीच्या बोलण्यावर रेघ नाय ओढली, जमिनीची पातळी काढलीय, आणि काठावर बांधकाम वाढलं की तेच पाणी खालच्या वस्तीत शिरतं, त्यांनी कुठं जायचं. आत्याबाई म्हणाल्या, मग मला विचारलं कशाला होतं? मॅडमनं पाण्याचा पेला पुढं केला. आत्याबाईंनी तो घेतला नाय.

योगेशनं वरच्या अंगाला कॉलनीत भाड्यानं खोली घेतली, लग्न झालं, सून चांगली हाय, रविवारी येतात. आत्याबाई पट्ट्याकडं पाठ करून बसायला लागल्या. भागाबाई चिडवायला यायची, काय गं, आली का तुझी देव्हाऱ्याखाली, तर ह्या वाती वळत राहायच्या.

आणि मागच्या पावसाळ्यात आली. दिवसाउजेडी, सावकाश, मागल्या दारानं. उंबरा ओलांडला, ओट्याखालची कोठी भिजवली, आणि देव्हाऱ्याखाली भिंतीला टेकून थांबली. निळ्या पट्ट्याच्या पुढं बोटभर गेली नाय. योगेश धावत आला, म्हणाला आजी, बघ, आली ना. आत्याबाई पुढच्या खोलीत बाजेवर होत्या, उठल्या नाय. मी म्हटलं आत्याबाई, ओटी? तर म्हणाल्या, भर तू. मी घोटाभर पाण्यात उभी राहून भरली. वाटलं होतं रडू येईल, नाय तर राग तरी. काही आलं नाय ताई. मला आपलं वाटत होतं, गॅसची टाकी उचलायची राहिली. नारळ सोडला तो जाईना, भिंतीलाच टकटक आपटत राहिला.

पाणी उतरलं, चिखल काढला, चूल परत तिथंच मांडली. दुसरीकडं कुठं मांडणार. परवा योगेशची बायको विचारत होती, आई, पुढच्या वर्षी ओटी मी भरायची का, मला शिकवा. मी म्हटलं शिकवते, खण आधी सोडायचा, नारळ मागून. तर आत्याबाई बाजेवरून बोलल्या, किती दिवसांनी बोलल्या, म्हणाल्या, आणि म्हणावं, बाई, जागा तुझीच हाय, आम्ही नुसता स्वयंपाक करतो.