पिवळी गोळी आन् दत्तूची माती

लिहून घेताय व्हय? घ्या की. पर माजं असं हाय, मी एक सांगाय बसलो की दुसरीकडंच जातो, तवा मधीच थांबवू नगा, मी आपला येतो फिरून. तर आमी आंदर मावळातलं, टाकव्याच्या पल्याड दोन डोंगर चढून गेलं की आमची वाडी, सात घरं, आन् बाप लोकांची गुरं राखायचा. त्याला वाटायचं पोरानंबी गुरंच राखावी, पर आईनं हट्ट धरला आन् मला टाकव्याच्या शाळंत घातलं, दोन तास जायाचं, दोन तास यायाचं, तवा शिकलो किती ते ठावं न्हाई पर चाललो लय. आन् त्या चालन्यावरच पुढं नोकरी लागली बगा. पोष्टातल्या सायबानं इचारलं, वाचता येतं का, म्हनलं येतं. चालता येतं का, म्हनलं तेच येतं. झालो पोष्टमन.

टपालाची थैली कामशेतावरनं टाकव्याला यायची, तितनं पुढच्या अकरा वाड्या माज्याकडं. पत्र द्यायचं म्हंजी नुसतं हातात द्यायचं न्हाई, वटीवर बसून वाचून दावायचं, आन् तितंच त्याचं उत्तर लिवायचं. कुनाच्या घरात काय शिजतंय ते समदं मला ठावं, पर ह्या घरातलं त्या घरात कवा सांगितलं न्हाई, म्हनून मान हुता. खांद्याला थैली आसली की पाटीलसुदिक म्हनायचा, या म्हादू, बसा, च्या घ्या. थैली काढली तर मी कोन? गुराख्याचा म्हाद्या. तवा ती थैली म्हंजी माजा जीव, येवढं ध्यानात ठिवा, फुडचं समदं त्याच्यावरच हाय.

तर कोयनेचा भूकंप झाला, तो पार हितवर जानवला. फळीवरची भांडी खाली आली. आमच्या वाडीत नुकसान म्हनाल तर एक मडकं फुटलं, तेबी आदीच तडकल्यालं. दुसऱ्या दिशी समदे इसरले, मी न्हाई इसरलो. आंग टाकलं की छातीत धडधड, वाटायचं भुईच हालतीया. म्या काय केलं, उशाला पान्यानं काठोकाठ भरल्याला तांब्या ठिवायला लागलो, पानी हालतंय का ते बगायला. मंडळी कुशीवर वळली की पानी हालायचं, आन् पानी हाललं की मी भायेर पळून समद्या वाडीला हाका मारायचो. चार बारी उठिवल्यावर वाडीनं सांगितलं, म्हादू, आता खराखुरा भूकंप आला तरी आमाला उठवू नगंस, आमी झोपंतच जातो.

आमची मंडळी, चंद्रा तिचं नाव, लय खमकी बाई. तिनं आदी लिंबू उतरवलं, मंग भगताला दावलं, भगतानं कोंबडं खाल्लं आन् झोप त्यालाच लागली. मंग ती मला धरून लोनावळ्याला डाक्टरकडं घिऊन गेली. डाक्टर लय थंड मानूस. नळी लावून छाती तपासली आन् म्हनाला, तुमचं काळीज ठणठणीत आहे, मन घाबरलंय, त्याला औषध आहे. म्हनलं, मनाला औषध? म्हंजी येड्याचं? तो म्हनाला, वेड नाही हो, भीती आहे. पर तुमी सांगा, वाडीत जाऊन हा फरक कुनाला समजवायचा? येकदा का लोक म्हनाले पोष्टमन येड्याची गोळी खातो, की कोन माज्या हातनं पत्र घेनार आन् कोन माज्यावर थैली सोपवनार? चंद्राला म्हनलं, कुनी इचारलं तर पित्ताची गोळी सांग. तिनं पोरांच्या गळ्याची शपथ घेतली.

पहिली गोळी पांढरी. झोप लागली वो, देवा, काय झोप लागली! पर ती गोळी दिस उजाडला तरी सोडंना. चालता चालता डोळं मिटायचं. येकाच्या सासऱ्याचं पत्र दुसऱ्याच्याच वटीवर बसून वाचलं, आन् तोबी मुकाट ऐकून म्हनाला, व्हय, आमचा सासरा असंच बोलतोय. मी पुन्यांदा लोनावळ्याला गेलो. डाक्टर म्हनाला, बदलून देतो, ही पिवळी घ्या, आणि पांढरी कशी सोडायची ते चिठ्ठीवर लिहिलंय, तसंच करा. म्या चिठ्ठी घडी करून टोपीत खोवली, कुनाच्या हाताला लागू नये म्हनून. घरी आलो आन् मनाशी म्हनलं, दोन गोळ्यांची पोटात मारामारी नगं, आन् पांढऱ्या गोळ्या समद्या चुलीत टाकल्या. अकरा वाड्यांची पत्रं वाचनारा मी, आन् आपली चिठ्ठी काय उघडून वाचली न्हाई. काय म्हनायचं आसल्या मानसाला?

मंग जे काय सुरू झालं, काय सांगू तुमाला. मी जल्मात कुत्र्याला हाड म्हनलेला मानूस न्हाई, पर चौथ्या दिशी ताटावर बसलो आन् चंद्राला म्हनलं, ही काय भाकरी हाय? गोल हाय का ही? ती म्हनाली, अवो, ईस वरीस हीच भाकरी खाताय, आजच कोपरे दिसले व्हय? मला तिच्या बोलन्याचा आसा राग आला की मी ताट सारलं, आन् सारल्यावर तिच्याकडं बगितलं तर मलाच रडू फुटलं, म्हनलं बिचारी चुलीफुडं बसून डोळं जाळून घेती आन् मी कोपरे मोजतोय. रडत रडत चार भाकरी खाल्ल्या. त्या दिसापास्नं तिनं नेमच केला, मी पाटावर बसलो की इचारायची, आज कोन आलंय जेवायला, भांडका का रडका? जसं कळंल तसं वाढायची. भांडक्याला तिखट कमी.

घरातलं घरात निभलं असतं, पर मी गेलो पाटलाच्या वाड्यावर पत्र द्यायला. पत्र त्याच्याच थोरल्या पोराचं, आन् पाकिटावरचा पत्ता असा लिवल्याला, जसं कोंबडीचं पाय. येरवी मी कवाच काय बोललो नसतो. त्या दिशी तोंडच सुटलं. म्हनलं, पाटील, तुमाला नऊ पोरं, त्यातल्या येकाला तरी पत्ता लिवायला शिकवा, का नुसती जल्माला घालायचाच ठेका घेतलाय? पाटलाच्या हातातली च्याची बशी तशीच राह्यली. पाटलीनबाई आतनं हासल्या, ते तर लय वंगाळ झालं. सांजच्याला तक्रार टाकव्याला पोचली. आमचा पोष्टमास्तर म्हंजी इस्तरीचा मानूस, कडक, हासला तर सुरकुती पडंल. त्यानं मला उभं केलं आन् म्हनाला, म्हादू, तुला झालंय काय? म्हनलं, पित्त. तो म्हनाला, पित्त असो नायतर आनि काय असो, अजून एक तक्रार आली की थैली काढून घेईन. मी घरी येऊन कोपऱ्यात बसलो आन् चंद्रा म्हनाली, आता गप सांगून टाका की खरं. म्हनलं, मरंन पर सांगनार न्हाई.

आन् मंग दोनच दिसांनी ते झालं.

खालच्या वाडीत सोनामावशी राह्यची, रांडमुंड बाई, येकच ल्योक, दत्तू, तो मुंबईला गिरनीत. तीन वरसं घरी आला नव्हता. त्याचं कार्ड आलं. ते कार्ड घिऊन मी वड्याकडंनं चाललोय, तर बांधावर येक करडू ओरडतंय, आई कुटं लांब चराय गेल्याली. लोकं म्हनतील करडू ते करडू, ओरडायचंच. पर माजा तो रडका दिस. मी खाली बसलो, करडाला मांडीवर घेतलं, म्हनलं बाळा, तुजी आय यील रं, आन् मी बी रडतोय, ते बी रडतंय. मी डोळं पुसतोय तवर त्या गुलामानं हातातल्या कार्डाचा कोपरा खाल्ला की वो!

आता तुमी शहरातलं, तुमाला ठावं आसंल नसंल. मयताचं कार्ड आसलं की त्याचा कोपरा फाडून धाडत्यात. ते कार्ड वाचायचीबी गरज न्हाई, कोपरा बगितला की बायका गळा काढत्यात. ह्ये मला ठावं न्हाई का? समद्यांच्या आदी मला ठावं. पर त्या घटकंला डोक्यात करडूच बसल्यालं.

मावशी अंगनात कुरडया घालत हुती. तिनं मान वर केली तर काय बगती, पोष्टमन बांधावरनं येतोय, डोळ्यांतनं धारा, आन् हातात कोपरा फाटल्यालं कार्ड. तिनं काय इचारलंच न्हाई. हातातला सोऱ्या फेकला आन् दत्तूऽऽ म्हनून किंकाळी फोडली. मी बोलाय गेलो, मावशी आसं न्हाई, पर ती रडती ते बगून मला आनिक हुंदका. ती जास्ती रडली की मी जास्ती, आन् मी जास्ती रडलो की ती म्हनती, बगा बगा, पोष्टमनलाबी सोसवंना! आख्खी वाडी गोळा झाली. बाया गळ्यात गळं घालून रडाय लागल्या. मावशीचा धाकटा दीर हुशार, त्यानं सायकल काढली आन् थेट कामशेत गाठलं, दत्तूच्या मेव्हन्याला मुंबईला तार केली, दत्तूची माती थांबवा, आई येतीया.

हिकडं कुनीतरी मला पानी पाजलं. जरा दम आला आन् मी म्हनलं, अगं वाचू तरी दे. मी वाचलं. आईस दंडवत. तांदूळ पोचला. यंदाच्या तांदळात खडे फार आहेत. दत्तू.

मावशीनं पदर तोंडावरनं काढला. म्हनली, खडे? माज्या तांदळात खडे? मी दोन बारी निवडल्यालं तांदूळ! ह्या मुडद्याला म्हनावं, बायकोला डोळं हायेत का नुसत्या पापन्या? आन् मंग तिला उमगलं, पोरगं जित्तं हाय, ती तितंच कुरडयांत बसली, हासती का रडती ते कळंना.

पर वाडी माज्याकडं वळली. रडत का आलास? येक म्हनाला, प्यालाय. दुसरा म्हनाला, त्या दिशी पाटलालाबी बोलला, याला येड लागलंय, मास्तरला सांगा. मला दिसलं, प्यालो म्हनलं तरी थैली गेली आन् येडा म्हनलं तरी गेली. मावशी म्हनली, म्हादू, खरं सांग रं बाबा, तू आसा नव्हतास. तिच्या तोंडाकडं बगून मला काय खोटं बोलवंना. टोपीतनं चिठ्ठी काढली आन् जशी लोकांची वाचतो तशी, मोठ्यानं, माजी मी वाचली. पांढरी गोळी एकदम बंद करू नये. आठवडाभर अर्धी, मग पाव, मग बंद. एकदम सोडल्यास राग येईल, रडू येईल, घाबरू नये. मी म्हनलं, मला भ्या वाटतं, भुई हालल्यासारकी वाटती, झोप येत न्हाई, म्हनून मी ही गोळी खातो. आता जा, सांगा कुनाला सांगायचं त्ये.

मावशी उठली, माजं डोळं पदरानं पुसलं आन् म्हनली, येवढंच ना? आमाला वाटलं काय आन् काय.

दुसऱ्या दिशी दुपारी दत्तू हजर! दत्तू राह्यचा मेव्हन्याच्याच खोलीत; तार मेव्हन्याच्या नावाची, पर मेव्हना कामावर, आन् दार उघडलं दत्तूनं. त्यानंच सही केली, त्यानंच फोडली, आन् वाचली, दत्तूची माती थांबवा. पोरगं पांढरंफटक. तसंच गाडीत बसलं. मावशीनं त्याला पोटाशी धरलं, मंग दोन थोबाडीत दिल्या, मंग जेवाय वाढलं. आठ दिस राह्यला. तो निघाला तवा मावशी मला बाजूला घिऊन म्हनती, म्हादू, दिवाळीच्या आदी येकदा ती पांढरी गोळी परत चुलीत टाकशील का रं?

मी लोनावळ्याला गेलो, डाक्टरनं कपाळाला हात लावला, म्हनाला, सांगितलं काय आणि केलंत काय, आन् पांढरी पुन्यांदा अर्धी चालू करून हळूहळू सोडवली. पंधरवड्यात भांडका गेला, रडकाबी गेला, राह्यलो मी.

मजा पुढंच हाय. मी वाटंनं चाललो की येक येक जन आडोशाला घ्यायचा. म्हादूभाऊ, त्या गोळीचं नाव काय वो? मलाबी छातीत हुतंय. वाडीत मला ज्यानं येडा म्हनलं, त्यो पहिला. मंग पाटलीनबाई. मंग खुद्द भगत! म्या म्हनलं, नाव सांगनार न्हाई, एकाची गोळी दुसऱ्याला चालत न्हाई, डाक्टरकडं चला. चार बाऱ्या तरी मानसं घिऊन लोनावळ्याला गेलोय.

आन् पोष्टमास्तरनं बोलावलं. मी थैली खांद्यावरनं काढून त्याच्या टेबलावर ठिवली, म्हनलं आता काढून घेनारच, आपनच दिल्याली बरी. त्यानं उठून दार लावलं. बसला. थैलीकडं बगंना, माज्याकडंबी बगंना. म्हनाला, म्हादू, त्या डाक्टरचा दवाखाना बाजारात नेमका कुठं आहे? म्या पत्ता सांगितला. त्यानं लिवून घेतला आन् म्हनाला, हे कोणाला बोलायचं नाही. म्हनलं, सायेब, मी बोललो म्हनून तर तुमी इचारताय. त्यो हासला वो. मी थैली उचलली आन् वाटंला लागलो.

अजून हिंडतोय. गुडघं बोलत्यात, पर अकरा वाड्या व्हत्यात. गोळी कवाच सुटली, कवा तरी लय धडधडलं तर डाक्टरला इचारून अर्धी घेतो, आन् घेतो ती वटीवर बसून, येनारा-जानारा बगत आसला तरी. चंद्रा म्हनती, लोकास्नी दावायचीच गोळी झाली तुमची. म्हनलं, आसू दे, कुनीतरी तितं उभं ऱ्हाऊन इचारील. तुमीबी मगाधरनं लिवताय, पर डोळं लाल हायेत तुमचं. झोप लागती का न्हाई? खरं सांगा, हितं कुनी हासत न्हाई.