वरच्या खोलीत स्टोअर

— नाही, ती वरची खोली नाही दाखवणार, सतीशराव. स्टोअर आहे ती. तुम्ही पेइंग गेस्टच्या परवान्यासाठी खालच्या दोन खोल्या तपासायला आलात ना, त्या झाल्या ना बघून — वाळूच्या बादल्या भरून ठेवल्यात, पाहुण्यांचं संडास-बाथरूम वेगळं आहे, भाड्याचा बोर्ड दाराशी लावलाय, हिंदीत, तुमच्या ऑफिसनं सांगितला तस्साच. अजून काय हवं? हो, कडी आतून आहे. स्टोअरला आतून कडी कशी म्हणता... बसा हो जरा. चहा घ्या.

हे रेल्वेतून रिटायर झाले आणि वर्षभरात गेले, तेव्हापासून या खोल्यांवरच चाललंय माझं. हॉस्पिटलात ज्यांचे पेशंट असतात ती माणसं राहतात — गोंड्याची, बहराइचची, बिचारी रात्रंदिवस काळजीत — ती कुणाला काय त्रास देणार? पण कॉलनीतल्या कुणीतरी तक्रार केली, वासंतीबाई बिनपरवान्याची सराय चालवतात म्हणून. अच्छा, चालवते. म्हणून तर परवाना मागतेय. नाही दिलात तर टाळं लागेल, ठाऊक आहे मला.

पण दिलात तर — तेच तर सांगतेय — दिलात तर आज घरात कोण कोण आहे ते तुम्ही लिहून नेणार, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, कुठून आला, कधी जाणार, आणि त्याची नक्कल ठाण्यात. घरच्यांचीसुद्धा? असेल नियम, वाचून दाखवू नका. उत्कर्षाचा दीर पोलिसात आहे, कानपूरला. त्याला कळायला कितीसा वेळ... या परमुलखात मराठी बोलणारं माणूस भेटलं की माझं हे असं होतं, बोलून जाते. उत्कर्षा माझी मुलगी. होळीनंतर आलीय. अनवाणी आली. उजवा हात अजून वर जात नाही तिचा, वेणी मी घालते. सासरच्यांना मी सांगितलंय, ती पुण्याला मामाकडे गेली — शपथेवर सांगितलंय. तिथं माणसं पाठवलीत त्यांनी शोधायला.

म्हणून म्हणते, स्टोअर लिहा. एक शब्द, सतीशराव. तुमचं काय जातं? पाया पडते मी, वयानं मोठी असून — नाही, उठवू नका मला —

उत्कर्षा, तू कशाला खाली आलीस? जा वर. हे लायसन्सचे साहेब आहेत, निघालेत ते. काय? "भैया, मेरा नाम लिख लीजिए, मैं कब तक स्टोर बनी रहूँगी" — अगं, हळू बोल, खिडक्या उघड्या आहेत. ऐक माझं... नाही, ती नाही ऐकत.

लिहा मग. उत्कर्षा. वय सव्वीस. नवऱ्याचं नाव ती सांगणार नाही, मीही नाही. वडिलांचं लिहा — नरहर. कुठून आली... कानपूर, लिहा, खरंच आहे ते. कधी जाणार — थांबा, पेन थांबवा — जाणार नाही, असं लिहा. जागा पुरत नसेल तर बाजूला लिहा.

झालं? परवा पोचेल ना हे ठाण्यात? मग निघा आता तुम्ही. तिचा दीर दारात यायच्या आत मला बरंच करायचंय.