एकही दिवस खाडा नाय

नाय नाय साहेब, ती खुर्ची नका घेऊ, तिचा एक पाय मोडकाय — चौकशीला आलेला माणूसच पडला तर त्याचीबी चौकशी लागायची, अन् तो जबाबबी मलाच द्यावा लागायचा. इथं बसा, बाकड्यावर. हां, तर काय विचारत व्हता? धरण खाली कुणी केलं? अप्पारावानं केलं, दुसरं कोण करणार! हे वाघदऱ्याचं वीजघर, टर्बाईन एक, चालवणारा एक, तो मी — सव्वीस वर्षं झाली. चाक फिरवलं मी, पाणी सोडलं मी. पण हुकूम कुणाचा? तो बगा, भिंतीवर चिकटवलाय. 'हंगामी अंदाजानुसार पाऊस भरपूर, सबब जुलैपासून टर्बाईन पूर्ण क्षमतेने चालवावी.' सबब म्हणं! संभाजीनगरच्या तुमच्याच हाफिसचा कागद, सही-शिक्क्यासकट. अन् चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला तुम्ही पार सोयगाव तालुक्यापर्यंत डिझेल जाळत आलात, कमाल हाये तुमची.

तुम्ही नवे दिसता, म्हणून सांगतो. पूर्वी कसं — धरण भरलं की मशीन चालवायची, नाय भरलं की माशा मारत बसायचं. मग वरच्यांना अक्कल सुचली. पाऊस पडायच्या आधीच पाऊस सांगायचा, तोबी एका दिवसाचा नाय, चार महिन्यांचा! कुठं समुद्र तापला, कुठं गार झाला, वारं कुण्या दिशेचं, हे सगळं संगणकात घालायचं अन् जूनमधी कागद काढायचा. भरपूर सांगितला असंल तर आधीच टर्बाईन चालवून धरणात जागा करायची, नायतर पूर आला की पाणी सांडव्यावरून फुकट जातंय. कमी सांगितला असंल तर थेंब न् थेंब राखायचा, खालच्या गावांच्या नळाला. रीत चांगली हाये, मी कुठं नाय म्हणतो? फक्त तो कागद पावसाला कुणी वाचून दाखवला नाय. चाळीस दिवस मशीन चालली बगा. शहरात उजेडच उजेड — मुकुंदवाडीच्या पल्याड नुसती वावरं व्हती, आता बारा-बारा मजले. माझं पोरगंच राहतं आठव्यावर, नळ आठ दिवसाला आला तरी चालतो त्यांना, लिफ्ट मात्र बोट लावल्याबरोबर आली पायजे. इकडं धरण तळाला गेलं, अन् मग ऑगस्ट कोरडा, सप्टेंबर कोरडा. आता चैतात पाच गावं टँकरवर. आमची आवडाबाई रांगेत उभी राहिली की बाया म्हणतात, व्हा काकू पुढं, तुमच्या मालकानंच पाणी सोडलंय, पहिला मान तुमचा. घरी येऊन भांडी आपटती ती.

अन् अंदाज काढणारी कोण? वैदेही मॅडम. हाफिसातली, कंत्राटावरची. काल कळलं मला, तुमचा अहवाल गेला की तिला घरी पाठवणार. खरंय का? असंल. मी काय म्हणणार त्याच्यावर? हुशार हाये पोरगी, खोटं कशाला बोलू. पण साहेब, अंदाज कसा? दर साली दीडपट! ती म्हणणार सहाशे मिलिमीटर, धरणात पाणी येणार चारशेचं. आधीची दोन सालं पाऊस बरा झाला म्हणून खपून गेलं, यंदा उघडं पडलं. अहो, चुकायचं तर आलटून-पालटून चुकावं का नाय माणसानं? आमचं पंचांग बगा — नक्षत्राचं वाहन बेडूक लिहिलं की कधी बुडवतो, कधी वाळवतो, बेडकाला काय त्याची लाज नाय. हिचं मात्र ठरलेलं. एकाच बाजूला, एकाच मापानं. एवढं इमानानं चुकायला संगणकच पायजे, माणसाचं काम नाय ते.

थांबा, फोन वाजायलाय — तिचाच. वाजू द्या. तीन दिवस झाले, रोज करायलीय. काय बोलू तिच्याशी? म्हणू का, पोरी, साहेब आलेत, तुझंच नाव सांगायलोय? …झाला बंद.

ती यायची ना इथं, दर जूनमधी. कशाला म्हणजे? माझ्या रजिस्टरासाठी! ते बगा, तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा अन् लिहायचा, अकरा वर्षं झाली, एकही दिवस खाडा नाय. पोराच्या लग्नाच्या दिवशी आधी इथं, मग मांडवात — व्याही फुगून बसले व्हते. मॅडम म्हणायची, समुद्रावरून येतो तो अंदाज सगळ्या मुलखाचा, तो आपल्या डोंगराला बसवायचा तर इथले जुने आकडे लागतात, अन् असे बिनखाड्याचे आकडे जिल्ह्यात दुसरीकडं नाहीत. 'काका, तुमचं रजिस्टर म्हणजे सोनं आहे.' अशी म्हणायची. चुलीम्होरं बसून भाकरी खायची, ठेच्यानं डोळ्याला पाणी, तरी अजून एक मागायची. एकदाच शंका काढली तिनं. 'काका, एवढा पाऊस पडतो, मग धरणात का येत नाही?' मी म्हणलं, पोरी, डोंगर तहानेला हाये, वरती कुणी शेततळं केलं, कुणी बांध घातला, सगळं तिथंच मुरतंय. पटलं तिला. वहीत लिहून घेतलं.

काय काढायलात पिशवीतून? आरं देवा — मापकातलं पाणी मोजायची नळी! नवीकोरी! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आमची फुटून अकरा वर्षं झाली, साहेब. मापक बसवून आठवडा नव्हता झाला, पायरीवर हातातून निसटली अन् खळ्ळकन. सही करून ताब्यात घेतलेली वस्तू! कळवलं असतं तर खुलासा द्या, मेमो घ्या, बढती अडकवा, अन् दुसरी नळी यायला दोन पावसाळे. त्यापेक्षा गप बसलो. पण काम अडलं का? बिलकूल नाय. आवडाबाईच्या खोकल्याच्या औषधाची बाटली घेतली, सरळ, उभी, जराशी बारीक, हातात धरायला बरी. फुटक्या काचेवरच्या रेघा तिच्याशेजारी धरल्या अन् जशाच्या तशा खिळ्यानं कोरल्या, केसाचा फरक नाय. हे तुमच्या इंजिनेराला जमणार नाय.

बगायचीय? ही घ्या, फडक्यात गुंडाळून ठेवतो मी. पाणी घागरीतून घ्या, टँकरचं हाये, सांडू नका. भरा, विसाच्या रेघेपर्यंत. झालं, वीस मिलिमीटर, चांगला पाऊस. आता काय, तुमच्या नळीत ओतता? ओता की! वीसला वीस येणार, अप्पारावाचं काम हाये. …किती? तेरा? तेरा कसं? सांडलं असंल, तुमचा हात हलतो. द्या इकडं, मी भरतो. हां. वीस. हे बगा, ओतायलो, थेंब पडला नाय.

तेरा.

तुमची नळी जाड हाये. बाटली बारीक… रेघा त्याच, पण बाटली बारीक, म्हणजे पाणी तेवढंच असलं तरी वर चढणार. तेरा पडला की मी वीस लिहिला. अकरा वर्षं, रोज साडेआठला. सहाशे म्हणजे चारशे.

ती नव्हती चुकत, साहेब. तिनं विचारलं व्हतं मला, एवढा पाऊस जातो कुठं म्हणून. अन् मी डोंगराचं नाव सांगितलं. सोनं म्हणायची हो ती ह्याला.

लिहा. …नाय, थांबा, तो जबाबाचा कागद मलाच द्या, माझ्या हातानं लिहितो. तिचं नाव खोडा आधी, माझ्यादेखत. मेमो काय, पेन्शनीचं काय, ते बगू. अन् रजिस्टर न्यायचं असंल तर न्या, पण एक ध्यानात ठेवा, सगळं रद्दीत घालू नका — जे दिवस कोरडे गेले, त्या दिवसांचे शून्य बरोबर हायेत. तेवढे माझे खरे हायेत.

वाजायलाय परत. तिचाच हाये.

ते पाणी घागरीत ओता, साहेब, अन् जरा भायेर उभे राहा.