तुले काय वाटस?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या केळी उत्पादक कंपनीचे चेअरमन आदरणीय हिलालआबा. नाशिकहून खास या कार्यक्रमाला आलेल्या आमच्या प्रशिक्षक वृषालीताई. ज्यांच्यासाठी हा हॉल, हा हार आणि हे जेवण आहे ते आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, पॅकहाऊसचे मॅनेजर नवलभाऊ. त्यांच्या शेजारी बसून मघापासून घड्याळ बघणाऱ्या वच्छलावहिनी. घड कापणारे, फण्या धुणाऱ्या, खोकी भरणाऱ्या, गाड्या लादणारे, बागाईतदार भाऊ, आणि मागच्या रांगेत बसून भाषणापेक्षा भरिताच्या वासाकडे लक्ष असलेली सगळी मंडळी, तुम्हा सर्वांना असोद्याच्या रत्ना भंगाळेचा नमस्कार.

माझं शिक्षण चौथी. तरी भाषण लिहून आणलंय. कारण मी तोंडाने बोलायला लागले की कोणाला काय बोलेन याचा भरवसा नाही, असं वहिनींनीच मला बजावलंय. म्हणून जे बोलायचं ते आधी लिहिलं, वहिनींना वाचून दाखवलं, त्यांनी अर्धं काढायला सांगितलं. मी काढलेलं नाही.

मघापासून इथे बरीच भाषणं झाली. नवलभाऊ शांत, नवलभाऊ संयमी, नवलभाऊंनी कधी आवाज चढवला नाही. मी शेजारच्या बाईला विचारलं, अगं, हे कोणाबद्दल बोलताहेत? आपण दुसऱ्याच कार्यक्रमाला येऊन बसलो का? ज्या नवलभाऊंच्या हाताखाली मी लागले, त्यांची हाक ऐकून फाट्यावरचा ट्रकवाला ब्रेक दाबायचा. अमळनेरकडचा माणूस. चिडले की अहिराणी, खूश झाले की अहिराणी, मराठी फक्त बँकवाल्यांशी.

मंडळी, आधी एक कामाची गोष्ट सांगते, म्हणजे मी आज इतकी घुश्श्यात का आहे ते कळेल. नवलभाऊंच्या जागी पॅकहाऊस कोणी बघायचं, हा प्रश्न आहे. आबांनी मला विचारलं, "रत्ना, तू बघशील का? निरोपाच्या कार्यक्रमापर्यंत सांग. नाही म्हटलीस तर बाहेरून साहेब आणू." आबा, तो कार्यक्रम आज आहे आणि मी अजून सांगितलेलं नाही. त्याला जबाबदार कोण? हे शाल पांघरून बसलेले गृहस्थ. मी त्यांना विचारलं, भाऊ, घेऊ का जागा? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. तर त्यांनी पोटावर हात बांधले आणि म्हणाले, "तुले काय वाटस?" तुला काय वाटतं, म्हणे!

हे त्यांना कुठून लागलं? वृषालीताई, तुमच्याकडून लागलं. खाली बघू नका.

कंपनीने त्यांना ताईंच्या शिबिराला नाशिकला पाठवलं. पुढारी कसे घडवायचे याचं शिबिर. जाताना ओरडत गेले, येताना शांत आले. त्याच दिवशी धुण्याच्या हौदातलं पाणी संपलं. मी पळत गेले. "भाऊ, पाणी संपलं, काय करू?" आधीचे नवलभाऊ असते तर माझ्या सासर-माहेरासकट मोटर सुरू झाली असती. हे नवे नवलभाऊ म्हणाले, "तुले काय वाटस?"

मी म्हटलं, "मला वाटतं पाणी संपलं."

"मंग?"

"मग पाणी पाहिजे."

"मंग?"

"मोटर लावावी लागेल."

"मंग लाव ना!" आणि चालू लागले.

शेडमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गाडी लादणारा कौतिक हळूच म्हणाला, "साहेबले कायतरी व्हयेल शे." कोणी म्हणे बीपी वाढलं, कोणी म्हणे बाहेरचं काही लागलं. आणि हे फक्त शेडपुरतं असतं तरी चाललं असतं. वहिनींनी घरी विचारलं, भाजी काय करू? तर तेच. वहिनींना जे वाटलं ते त्यांनी केलं. आठवडाभर कारली केली. त्यानंतर घरात तो प्रश्न बंद झाला. शेडवर मात्र चालूच राहिला, कारण कारली करायचा अधिकार आम्हाला नव्हता.

अशातच त्यांनी मला लाईनप्रमुख केलं, म्हणजे धुणाऱ्या-भरणाऱ्या बाया माझ्या हाताखाली. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. मग माझं तोंड सुधारायला वृषालीताई आल्या. ताई वयाने माझ्या पोरीएवढ्या, पण शिकवायला हुशार, खोटं कशाला बोलू. ताईंनी शिकवलं की कोणाची चूक सांगायची तर आधी एक चांगली गोष्ट सांगा, मध्ये चूक सांगा, शेवटी पुन्हा चांगली गोष्ट सांगा. याला सँडविच म्हणतात. आता आम्हा बायांत सँडविच कोणी खाल्लंय? तेव्हा नवलभाऊंनी समजावलं, "दोन भाकरींच्या मधी ठेचा." मग लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी लताबाईंच्या हातून फण्यांना डाग पडत होते. लताबाई इथेच बसल्या आहेत, त्या निळ्या लुगड्यातल्या. ताईंचं ऐकून मी गेले आणि गोड आवाजात म्हटलं, "लताबाई, तुमचा हात किती हलका आहे हो! तेवढी फणी जरा जपून ठेवा. आणि तुमचं लुगडं खूप छान आहे."

लताबाईंनी माझ्याकडे बघितलं. टोपी काढली, अ‍ॅप्रन काढला, घडी करून हौदाच्या कठड्यावर ठेवला, डबा उचलला आणि गेल्या. त्यांच्या मागोमाग असोद्याच्या बायांची अख्खी रिक्षा गेली.

ताई, हे तुमच्या शिबिरात कोणी सांगितलं नसेल. आमच्याकडे शेडवर गोड कधी बोलतात? हंगाम संपला, माणूस नको झालं, की ठेकेदार यायचा, म्हणायचा, "तुमच्यासारखी कामाची बाई मिळणार नाही हो." म्हणजे उद्यापासून येऊ नका. रोज शिव्या खाणाऱ्या बाईला कोणी एकदम चांगलं म्हटलं, तर तिने काय समजायचं? लताबाईंनी बरोबरच समजलं.

पण इकडे काय झालं होतं? सकाळीच बाग कापून आली होती. घड जाळीखाली रचलेले, माल थंड ठेवणारी गाडी दारात उभी, आणि धुवायला बाया नाहीत. कापलेलं केळं वाट बघत नाही, काळं पडतं. आणि बाग कोणाची? अध्यक्षमहाराजांची! आबा, तुम्ही फोनवर जे बोललात ते मी इथे वाचणार नाही, व्यासपीठाची शोभा जाईल.

मी नवलभाऊंकडे गेले. "भाऊ, बाया गेल्या. आता काय करू?"

सांगा बरं ते काय म्हणाले असतील?

मी म्हटलं, "मला वाटतं ते नाशिकचं भूत आधी उतरवा!" तरी तेच. पोटावर हात. मला इतका राग आला की त्या रागातच मी कौतिकच्या मोटरसायकलवर मागे बसले आणि असोदा गाठलं.

लताबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "काहून आली निघून?"

"तू मले कामावरून काढू रायली ना?"

"कोण म्हणे?"

"तू मले चांगलं म्हने. लुगड्यालेबी चांगलं म्हने. म्हनजे काढलंच असीन."

मग माझा ताबा सुटला. मी भर गल्लीत म्हटलं, "लते, तुझ्या हाताला काय भोकं पडली का? फणी अशी आपटते जशी सवतीची पोर! गाडी दारात उभी आहे आणि तू ओट्यावर बसून मुंग्या मोजतेस? ऊठ!"

लताबाईंच्या तोंडावर जे हसू आलं ना, ते मी कधी विसरणार नाही. पदर खोचत म्हणाल्या, "हां, आता बरोबर बोलली. मंग आधीच असं बोलायचं ना, बाई!" आणि रिक्षा भरून सगळ्या परत आल्या.

शेडवर येऊन बघतो तर काय, हौदाशी मॅनेजरसाहेब उभे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कटिंगवाले दोन्ही बाजूंना, सगळे मिळून फण्या धूत होते. कामाच्या नावाने आनंदच होता, पण धूत होते. केळीच्या चिकाने साहेबांचा शर्ट जो गेला तो गेला. वहिनी अजून मला त्याचा हिशेब मागतात. गाडी वेळेवर गेली, आबांचं केळं वाचलं, आबांचा आवाज खाली आला.

आता एक सांगते. आज नवलभाऊ खरोखरच चाललेत, तेव्हा चांगलं बोललं तरी त्यांचा गैरसमज व्हायचा नाही. त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "भाऊ, असोद्यात तुमचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. सरपंचांना एक फोन केला असता तर बाया आल्या असत्या. आबांची बाग काळी पडत होती, नोकरी तुमची जाणार होती, माझी जाऊन काय जाणार होतं? फोन का नाही केला?"

त्यांनी चक्क मराठीत सांगितलं, बँकवाल्याशी बोलतात तसं. म्हणाले, "बाया आल्या असत्या. पण माझ्यासाठी आल्या असत्या. मग सकाळी तुझं कोणी ऐकलं नसतं."

मी हळू आवाजात "बरं" म्हटलं. ज्यांनी माझा आवाज ऐकलाय त्यांना मी विचारते, असं कधी झालंय का?

पण म्हणून त्यांना आज माफी आहे असं समजू नका. गेला महिनाभर मी जागेचं विचारतेय आणि हे तेच वाक्य तोंडावर फेकताहेत. मी चिडून आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना पत्ताच नाही, कारण कामाचं बोलणं चालूच होतं.

मला भीती कशाची, ते कोणी विचारलं नाही. मॅनेजरला येणाऱ्या इंग्रजी मेलची? मेल ऑफिसातली सारिका वाचून दाखवेल, उत्तर मी सांगेन, सौम्य ती करेल. भीती आहे दुपारच्या सतरंजीची. दुपारी आम्ही सगळ्या शेडमागे सतरंजीवर डबे उघडतो. तिथे लोणच्याच्या फोडीसोबत रोज साहेबाला शिव्या असतात. भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, फार मोठ्या नसतात. त्या दिल्याशिवाय जेवण उतरत नाही. आता मीच साहेब झाले तर शिव्या कोणाला द्यायच्या? आणि मी मांडी घालून बसले असताना द्यायच्या कशा? इतकी वर्षं ज्या सतरंजीवर मी जेवले, सासूचं दुखणं सांगितलं, पोरीचं लग्न ठरवलं, ती सुटली तर मी कुठे बसू?

नवलभाऊ केबिनमध्ये एकटे जेवतात. आम्हाला वाटायचं, साहेबी आहे. परवा केबिनची खिडकी बंद करायला मी आत गेले तर म्हणाले, "राहू दे. तुम्हनं हसनं ऐकू येस." म्हणजे सगळं ऐकू येत होतं. शिव्यासुद्धा. सगळ्या!

मी कागदावर लिहून आणलं होतं की जागा घेईन पण जेवायला सतरंजीवरच बसेन, ही माझी अट. काल ती अट लताबाईंना वाचून दाखवली. लताबाई म्हणाल्या, "रत्ना, जागा तू घे. दुसरा कोनी नको आमाले. पन जेवाले तू केबिनमधीच बस. आमाले मोकळं बोलू दे. भाजी पाठवून देऊ तुले."

म्हणजे माझी जागा गेली, भाजी तेवढी राहिली. मला रडू आलं, पण कोणाला दिसलं नाही, कारण मी लगेच लताबाईंवर ओरडले.

तर आबा, ती अट मी खोडली आहे. माझं उत्तर हो. पॅकहाऊस मी बघते. बाहेरून साहेब आणू नका. ज्याला या बायांना शिव्या कशा द्यायच्या हे माहीत नाही, तो इथे चार दिवस टिकणार नाही. आणि भाऊ, आता मला सांगू नका की तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असेल तर मनात ठेवा.

नवलभाऊ, तुम्ही मला कामावर ठेवलंत, त्याबद्दल आभार. त्यापेक्षा जास्त आभार, उत्तर माहीत असून तोंड बंद ठेवल्याबद्दल. तुमच्यासारख्या मोठ्या आवाजाच्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे मला उद्यापासून कळेल. वहिनी, तुमचा माणूस तुम्हाला परत केला. जरा डागाळलाय, सांभाळून घ्या. वृषालीताई, तुम्ही मला शिकवलंत, मी ऐकलं, थोडं मोडलं, थोडं ठेवलं. पुढच्या वेळी या, पण ते सँडविच आमच्या भाकरीत कसं बसतं ते आधी असोद्याला येऊन बघा. अध्यक्षसाहेब, व्यासपीठ आणि समोरची मंडळी, एवढा वेळ माझं ऐकलंत, उपकार झाले. लिहिताना आणि वाचताना कोणाला जास्त लागलं असेल तर पोटात घाला. ज्याला लागलंच नाही, त्याने सकाळी शेडवर येऊन मला भेटावं.

आणि आबा, जेवायला पहिली पंगत असोद्याच्या बायांची. त्यांची रिक्षा बाहेर उभी आहे. तुम्ही दुसऱ्या पंगतीला बसा.