दहाचा तास

दामिनी: ते पंख ठेव ना ताई बाजूले. मी कवाची एकच गोष्ट विचारून राहिलो तुले.

रिता: ठेवतो वं. एवढी चमकी चिपकवतो, नाईतं फेविकॉल सुकून जाते. परवा नाताळचं नाटक आहे, देवदूत बनाले लेकरं ढीगभर, अन् पंख झाले चार. चहा घेतला का तू?

दामिनी: नाई पायजे चहा. गुड्डी गेली त्या टायमाले प्रार्थनेले कोन बसलं होतं? नाव सांग फक्त.

रिता: नाव घेऊन काय करशीन, दामू? पोरीची माती होऊन चार दिवस नाई झाले, अन् तू साकोलीवरून एकटी बसनं आली. योगेंद्रभाऊले सांगून आली ना?

दामिनी: सांगून आली. निघताना सासू म्हने, जाय, विचार तुया बहिनीच्या देवाले, झोपला होता का तो. मी म्हटलं, देवाचं मले नाई माहीत, पन मानसं झोपले नव्हते. साखळी होती. तूच त म्हटलं होतं ना?

रिता: होती ना. उपास-प्रार्थनेची साखळी. एका घरानं एक तास गुडघ्यावर बसाचं, तास झाला का पुढच्या घराले मिसकॉल द्याचा. वरठीपासून कारध्यापर्यंत आपल्या चर्चच्या मंडळीचे सारे घरं घेतले होते. एकेकाले फोन करू करू गळा बसला माया.

दामिनी: म्हनजे एकही टाईम रिकामा नव्हता.

रिता: नव्हता.

दामिनी: रात्री, दिवसा, कवाही.

रिता: कवाही. प्रभूच्या दयेनं कोनी नाई म्हटलं नाई.

दामिनी: मंग सकाळचा दहाचा तास कोनाचा होता? दहा वाजून गेल्यावर गेली ती.

रिता: आता आठवत नाई मले. हे ड्युटीवरून आले का विचारतो.

दामिनी: जिजाजीले काय विचारतं? तूनच त लावले होते सारे तास.

रिता: डोक्यात का एक गोष्ट आहे बाई? संडेस्कूल मायाकडे, बायांची सभा मायाकडे, कोनाच्या घरी बिमारी निघाली का पहिला फोन मले. त्यात तुया डब्बा नागपूरले दवाखान्यात पोचवाचा. त्या दिवशी त मले बसाले फुरसत नव्हती.

दामिनी: मी कोनाले दोष नाई देऊन राहिलो, ताई. काहून विचारतो ते सांगतो. नवऱ्यालेही, योगेंद्रलेही नाई सांगितलं म्या.

रिता: काय?

दामिनी: मी तिच्याजवळ नव्हती.

रिता: कवा?

दामिनी: जीव गेला तवा. सकाळपासून माया हात धरून होती. आतमंदी फोनवर बोलू देत नाई, म्हनून तुया फोन आला त मी बाहेर जिन्यात गेली. तू गुड्डीचा फोटो मांगत होती, ग्रुपवर टाकाले. हासताचा पाठव, म्हटलं तून. गुड्डी म्हने, मम्मी नको जाऊ. मी म्हटलं, आलोच. जिन्यात फोटो धुंडत बसली. वापस आली त नर्सबाई पडदा ओढत होती.

रिता: दामू…

दामिनी: ऐकून घे. तवापासून एकच गोष्ट धरून आहो मी. म्या हात सोडला, पन त्या घडीले कुठीतरी कोनीतरी गुडघ्यावर होतं, तिचं नाव घेत होतं. म्हनजे पोरगी एकटी नाई गेली. तुया तास नसन तो, तू त फोनवर होती मायासंगं. मंग कोनाचा?

रिता: कौशल्याबाईचा.

दामिनी: कारध्याच्या?

रिता: हो.

दामिनी: मंग चाल.

रिता: कुठी?

दामिनी: तिच्या घरी. पायावर डोकं ठेवतो तिच्या. अन् विचारतो, बाई, त्या टायमाले तुले काही वाटलं का? एखांदं लेकरू जवळून गेल्यासारखं? काही त वाटलं असन ना वं तिले, एवढी जुनी विश्वासी बाई.

रिता: आज नोको. थकली म्हातारी, तिले कायले तरास?

दामिनी: तरास कायचा? मी त हात जोडाले जाऊन राहिलो. तू नको येऊ, तुये पंख आहेत. मी ऑटोनं जातो, पूल ओलांडला का कारधाच आहे.

रिता: दामिनी, थांब. चप्पल काढ.

दामिनी: काय झालं?

रिता: कौशल्याबाईचा नव्हता तो तास.

दामिनी: मंग?

रिता: माया होता.

(दामिनी चप्पल काढते.)

दामिनी: तू त फोनवर होती.

रिता: हो.

दामिनी: फोन झाल्यावर बसली असशीन.

रिता: नाई बसली. फोटो टाकला, त लोकं विचाराले लागले, पोरगी कशी आहे, काय म्हनते डॉक्टर. सगळ्याईले जवाब देत राहिली. पाह्यता पाह्यता अकरा झाले अन् म्या पुढच्या घराले मिसकॉल देऊन टाकला. म्हटलं, देवाले दिसतेच, आपन त्याचंच त काम करून राहिलो.

दामिनी: त्याचंच काम.

रिता: अन् त्या एका दिवसाची गोष्ट नाई वं. एकटी अशी मी कवाची बसलीच नाई. लोकाईच्या घरी जाऊन प्रार्थना करतो, मोठ्यानं करतो, बाया रडतात. घरी आली का मायाजवळ देवासाठी टाईम नाई. ज्याले त्याले म्हनतो, प्रार्थनेत आठवन ठेवतो. अन् दाराबाहेर पाय पडला का विसरतो. तुलेही तसंच म्हटलं होतं म्या.

दामिनी: म्हनजे एकटीच गेली गुड्डी.

रिता: देव होता ना तिच्याजवळ…

दामिनी: ते नको म्हनू. आता तू नको म्हनू.

रिता: मार मले. दोन थापडा मार, पन काही बोल.

दामिनी: मारून काय होते? म्या हात सोडला, तून तास सोडला. दोघीही एकाच फोनवर होतो.

रिता: आता काय करू मी?

दामिनी: मले काय विचारतं? लोकं तुले विचाराले येतात.

रिता: आता बसतो. आताच्या आता बसतो.

दामिनी: आता कायले? आता कोन वाचाचं आहे?

रिता: काही मांगत नाई. नुसती बसतो.

दामिनी: बस मंग.

रिता: हे प्रभू… हे दयाळू बापा… काहीच येऊन नाई राहिलं, दामू. सभेत तोंड उघडलं का पान्यासारखं वाह्यते.

दामिनी: पोरीचं नाव त घेता येते ना?

रिता: येते.

दामिनी: तेवढंच घे.

रिता: गुड्डी… बापा, आमची गुड्डी…

दामिनी: सरक जराशी. मले बसू दे.